दर एप्रिलला शेजाऱ्याच्या लॉनमध्ये कोंब: मोसो बांबू अडवायचा कसा

अटलांटा आणि आसपासच्या मराठी घरांतून दर वसंतात मला जवळपास एकच फोन येतो. "कुंपणापलीकडे पुन्हा कोंब आलेत. बॅरियर घातलंय, गेल्या वर्षी दिसतील तेवढे कोंब तोडलेसुद्धा. तरी आलेत. आता शेजारी बोलायला लागलाय. काय करू?" (बॅरियर म्हणजे बांबूभोवती जमिनीत उभा गाडलेला प्लास्टिकचा पट्टा.) बहुतेकांनी तो बांबू स्वतः लावलेलाही नसतो. घर घेतानाच मागच्या अंगणात होता, छान सावली देत होता, म्हणून आनंदाने ठेवला.

उत्तर थोडक्यात सांगतो आणि मग सविस्तर. कोंब एप्रिलमध्ये दिसतो, पण तो कुठे येणार हे आदल्या वर्षी जुलै ते ऑक्टोबरमध्ये जमिनीखाली ठरून गेलेलं असतं. वसंतात कोंब तोडून फक्त त्या वर्षाची लाज राखता येते. दुखणं थांबवायचं तर फावडं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हातात घ्यावं लागतं. दरवर्षी तक्रार परत येते ती याच कारणाने: बांबू दिसत नाही त्या दिवसांत आपल्यालाही त्याची आठवण नसते.

आपली नजर फसते कुठे

आपण वाढलो ते बांबूची बेटं बघत. सिंधुदुर्गातला माणगा, विदर्भातला मानवेल, काटेरी कटांग हे सगळे बेटाने राहणारे. कंद आखूड, नवा कोंब जुन्या काठीला खेटून येतो, बेट वर्षाला थोडं थोडं फुगतं. बांधावर लावलेला माणगा बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात उगवलाय असं कोणी ऐकलं नसेल.

मोसो वेगळा. शास्त्रीय नाव फायलोस्टॅकिस एड्यूलिस, मूळचा चीनचा. याचं जमिनीखालचं खोड, म्हणजे राइझोम, आडवं पळतं. आपल्याकडची हरळी डोळ्यासमोर आणा. तीच चाल, फक्त आकार अंगठ्याएवढा जाड आणि वर निघणारी काडी पन्नास-साठ फुटांची. चीनमध्ये तर याहून बरीच उंच जाते.

भारतातही पळणारा बांबू नाही असं नाही. अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात आपातानी लोक फायलोस्टॅकिस वंशाचाच बांबू पिढ्यान्‌पिढ्या राखतात, त्यावर घरं आणि कुंपणं उभी करतात. पण त्यांच्या बागा आखलेल्या असतात आणि तिथे दरवर्षी तोड होते. आपल्या इथल्या अंगणातल्या बांबूला कोणी हात लावत नाही, हा मोठा फरक आहे.

आधी ओळख पटवा

उपाय करण्याआधी तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघा. काठीच्या ज्या पेरावर फांदी आलेली आहे, त्याच्या वरच्या कांड्यावरून बोट फिरवा. एका बाजूला उभी खाच लागली आणि पेरावर एक मोठी, एक लहान अशा दोन फांद्या असतील, तर तो फायलोस्टॅकिस, म्हणजे पळणारा. मोसोची आणखी एक खूण म्हणजे नव्या काठीवर मऊ मखमली लव असते आणि एवढ्या जाड बांबूच्या मानाने पानं अगदी बारीक असतात. खालच्या पेरांवर कंगोरा एकच दिसतो. दोन कंगोरे ठळक असतील आणि लव नसेल तर बहुधा माडाके, तोही पळणाराच. दोघांनाही खाली सांगितलेलं सगळं लागू आहे.

बेटाचा बांबू निघाला तर सुटलात. कडेचे कोंब काढत राहा, बाकी काही करायची गरज नाही.

गळती शोधायची

कोंब दिसले की लगेच तोडू नका. एक दिवस थांबा आणि प्रत्येक कोंबाशेजारी एक खूणकाठी रोवा. मग थोडं लांब उभं राहून बघा. एका आडव्या खोडावरचे कोंब साधारण एका ओळीत येतात. ती ओळ मागे मागे आपल्या बांबूपर्यंत नेली की ती बॅरियरला जिथे भेटते, तिथे गळती आहे. पाच-सहा कोंब विखुरलेले वाटले तरी बहुतेक वेळा त्यांच्या दोनच ओळी निघतात, म्हणजे निसटलेली खोडंही दोनच असतात.

आता त्या भेटीच्या ठिकाणी खणा. मी जिथे जिथे बघायला गेलो तिथे कारण बहुतेक वेळा सर्वांत वरच सापडलं. बॅरियरची कड जमिनीच्या वर दोन इंच राहायला हवी. घालताना ती तशी असतेही. मग दरवर्षी माळी येतो, मल्च म्हणजे मातीवरचं आच्छादन टाकतो, पानं साचतात, त्यांची माती होते आणि कड गाडली जाते. वरून सगळं नीटनेटकं दिसतं. मल्च हाताने बाजूला केला की खाली पिवळट हस्तिदंती रंगाचं खोड प्लास्टिकच्या कडेवर चढून पलीकडे उतरलेलं दिसतं. पेरापेराला मुळ्यांचं कडं, आणि प्रत्येक पेरावर एक डोळा, एक डाव्या बाजूला तर पुढचा उजव्या. टोक टणक, खवल्यांनी झाकलेलं, खोडाच्या चालीच्या दिशेने रोखलेलं. ते एकदा हातात धरून बघितलं की बांबू कुठून पळतो हे परत कोणाला विचारावं लागत नाही.

वर काही सापडलं नाही तर बॅरियरचा जोड बघा. दोन टोकं नुसती एकमेकांवर सरकवून ठेवलेली असतील तर त्या फटीतून खोड हमखास निघतं. जोडाला स्टेनलेस स्टीलची पट्टी आणि बोल्ट हवेत, किंवा त्यासाठीच मिळणारी दुहेरी चिकटपट्टी. तेही ठीक असेल तर खोड खालून गेलंय. असं फार वेळा होत नाही, कारण मोसोची आडवी खोडं बहुतांशी वरच्या फूट-सव्वा फुटातच राहतात. पण चर खणून बॅरियर बसवताना तळाची माती भुसभुशीत सोडली असेल, तर खोडाला खाली जायला आयता रस्ता मिळतो. तळ ठोकून घट्ट करायचा आणि वरचा अर्धा भाग मोकळा ठेवायचा. कंत्राटदार नेमकं उलटं करतात, खाली माती ढकलतात आणि वर चोपून सपाट करतात.

एक शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. ओळ मागे नेली आणि ती तुमच्या बॅरियरपाशी येतच नाही, तिसऱ्याच घराकडे जाते. मग तो बांबू तुमचा नाहीच. शेजाऱ्याशी वाद घालण्याआधी ही ओळ त्याला प्रत्यक्ष दाखवा.

बॅरियर नव्याने घालायचं असेल तर

एचडीपीई प्लास्टिकचा, 60 मिल म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाडीचा पट्टा घ्या, रुंदी 30 इंच. 28 इंच जमिनीत, दोन इंच वर. वरची कड बांबूपासून किंचित बाहेरच्या बाजूला कलती ठेवा. खोड येऊन धडकलं की त्या उताराने वर वळतं आणि कडेपाशी डोकं काढतं. ते वर येणं हाच बॅरियरचा उपयोग. बॅरियर खोडाला थांबवत नाही, ते दिसेल अशा जागी आणून देतं. तिथून ते कापायचं काम आपलं. बॅरियर घातलं आणि विसरलं, तर चार-पाच वर्षांत ते नसल्यासारखंच होतं.

पत्रा गंजतो, काँक्रीटला तडा जातो आणि तड्यात खोड शिरतं. तणरोधक कापडाचा तर इथे काहीच उपयोग नाही, कोंब ते फोडून वर येतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर जागा असेल तिथे प्लास्टिकपेक्षा चर बरा. बांबूभोवती फूटभर खोल, आठ-दहा इंच रुंद चर खणायचा आणि तो वाळूने किंवा सैल पालापाचोळ्याने भरून ठेवायचा. खर्च नाही आणि मुख्य म्हणजे चर तपासणं सोपं. सप्टेंबरच्या शेवटी एकदा आणि नोव्हेंबरमध्ये एकदा चरातून फावडं ओढत फिरा. खोड लागलं की हाताला लगेच कळतं. दोन्ही बाजूंनी कापा आणि पलीकडे गेलेला तुकडा ओढून काढा. अंगठ्याएवढ्या खोडाला लांब दांड्याची कात्री पुरते, जुन्याला विजेवरची करवत लागते.

काढलेले तुकडे कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. डोळा असलेला तुकडा ओलाव्यात पडला की तिथेच रुजतो. उन्हात काँक्रीटवर पसरून खडखडीत वाळू द्या, मग टाका.

वसंतातलं काम

पलीकडे गेलेल्या खोडाचा आईशी, म्हणजे मूळ बांबूशी, असलेला संबंध आधी तोडा, म्हणजे कुंपणाच्या रेषेवर फावड्याने कापा. त्यानंतर पलीकडे येणारे कोंब फूटभर व्हायच्या आत लाथेने किंवा कोयत्याने पाडा. पाडलेला कोंब त्याच जागी पुन्हा फुटत नाही, पण खोडावरचे दुसरे डोळे जागे होतात, म्हणून त्या हंगामात दर तीन-चार दिवसांनी फेरी हवी. लॉन नेमाने कापलं जात असेल तर निम्मं काम मोवरच करतो. आईपासून तुटलेलं आणि पान धरू न दिलेलं खोड साठवलेल्या पिठावर जगतं, आणि तो साठा दोन-तीन वर्षांत संपतो. शेवटी शेवटी वीतभर उंचीचे, सुतळीसारखे बारीक पानेरी फुटवे येतात. घाबरू नका, खोड थकत चाललंय. तेही काढत राहा.

घाई मात्र हवी. मोसोचा कोंब जमिनीतून निघतो तोच पूर्ण जाडीचा, नंतर तो जाड होत नाही, फक्त लांबतो. ऐन भरात एका दिवसात तीन फुटांहून जास्त वाढल्याच्या नोंदी जपानमध्ये आहेत, आणि साधारण दोन महिन्यांत काठी पूर्ण उंचीला जाते. तुम्ही पंधरा दिवस भारतात जाऊन आलात तर परतल्यावर लाथेने पडेल असं काही उरलेलं नसतं.

"गेल्या वर्षी आलेच नव्हते!"

हे वाक्य मी फार ऐकतो, म्हणून वेगळं लिहितो. मोसोला एका वर्षाआड कोंबांचा बहर येतो. एक वर्ष कोंबांची गर्दी, पुढचं वर्ष जवळपास रिकामं. चीनमधले उत्पादक हे धरूनच तोडीचं नियोजन करतात. आपल्या अंगणात रिकामं वर्ष आलं की वाटतं बॅरियरने काम केलं, औषधाने काम केलं, आणि शरद ऋतूतली फेरी चुकते. मग पुढच्या एप्रिलला तीस कोंब एकदम. कोंब आले नाहीत त्या वर्षीही चर तपासायचाच.

दुसरा तसाच चकवा नव्या रोपाचा. कुंडीतून लावलेला मोसो सुरुवातीची काही वर्षं फार सुस्त असतो. काठ्या बोटाएवढ्या, पसरणं नगण्य. घरमालक म्हणतो, हा काही पळणारा नाही, आणि बॅरियरचा विचार सोडून देतो. खाली जाळं तयार झालं की मग तो एका हंगामात काही मीटर जातो. बॅरियर घालायचं ते पहिल्याच वर्षी, तेव्हा खणायला मुळं आडवी येत नाहीत.

औषधाबद्दल

ग्लायफोसेट हे तणनाशक एकदा फवारून मोसो मरत नाही. शिवाय शेजारच्या लॉनमधल्या कोंबाला दिलेलं औषध, खोड तोडलेलं नसेल तर, तुमच्या मूळ झाडांपर्यंतही पोहोचू शकतं. वापरायचंच असेल तर आधी खोड तोडा, पान आल्यावर लेबलवर सांगितल्याप्रमाणे द्या आणि पुन्हा द्यायची तयारी ठेवा. मीठ, डिझेल, ब्लीच यातलं काहीही ओतू नका. जमीन वर्षानुवर्षं नासते आणि बांबू बाजूने निघतो.

पूर्णच काढायचा असेल तर वसंतातले कोंब उंच होऊन पान धरायच्या बेतात असताना सगळ्या काठ्या एकदम तोडा. त्या वेळी खोडातला साठा सर्वांत कमी असतो. मग पाणी द्या, उरलेले डोळे फुटू द्या, ते कापा, परत पाणी द्या. छोटी जागा असेल तर यंत्राने खणून काढणं सरळ.

कायदा आणि शेजारधर्म

कनेक्टिकटमध्ये 2013 पासून पळणारा बांबू लावणारा मालक शेजाऱ्याच्या नुकसानीला जबाबदार धरला जातो, आणि बॅरियरशिवाय हद्दीपासून 40 फुटांच्या आत तो लावता येत नाही. न्यूयॉर्क राज्याने 2014 च्या नियमांत फायलोस्टॅकिसच्या दोन जाती, ऑरिया आणि ऑरिओसल्काटा, बंदीच्या यादीत घातल्या. न्यू जर्सीत अनेक टाउनशिपचे आपापले नियम आहेत. आपल्या काउंटीच्या किंवा टाउनशिपच्या कार्यालयात आधी विचारा. घर विकताना हाच प्रश्न समोर येतो.

जपानमध्ये हे दुखणं आपल्यापेक्षा जुनं. मोसो तिथे 1736 मध्ये सात्सुमात, म्हणजे आजच्या कागोशिमात, लावला गेला असं मानतात. कोंबांसाठी आणि काठ्यांसाठी तो गावोगाव गेला. पुढे चीनमधून स्वस्त कोंब येऊ लागले, काठीची जागा प्लास्टिकने घेतली, शेतकरी म्हातारे झाले आणि राखलेली बनं बेवारस पडली. आज तिथे मोसो डोंगरउतारावरच्या जंगलात शिरतो आणि झाडांना झाकून मारतो. तिथल्या नागरी कायद्याचं कलम 233 शेजाऱ्याचं मूळ आपल्या हद्दीत आलं तर ते कापायची मुभा देतं. फांदीसाठी मात्र 2023 पर्यंत मालकालाच सांगावं लागे. त्यानंतर काही अटींवर स्वतः कापता येते.

जपानच्या या गोष्टीतून मला एकच पटतं. बांबू तोच होता, माती तीच होती, फक्त तोड थांबली. मोसो सांभाळायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तो वापरणं.

वापरा

आलेला कोंब फेकू नका. एड्यूलिस या नावाचा अर्थच खाण्याजोगा, आणि क्योतोजवळच्या नागाओकाक्योचा भाग या कोंबांसाठीच प्रसिद्ध आहे. तिथे कोंब जमिनीला तडा देतो तेव्हाच, डोकं वर यायच्या आत, खणून काढतात. तो सर्वांत कोवळा. सोलायच्या आधी तांदळाचा कोंडा आणि एक-दोन सुक्या मिरच्या घालून तासाभराहून जास्त उकळतात आणि त्याच पाण्यात गार होऊ देतात. कोंडा नसेल तर तांदळाचं धुवण चालतं. कच्चा कोंब खायचा नाही, त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. ते उकळल्याने जातं, उकळलेलं पाणी ओतून द्यायचं. नंतर चणाडाळ भिजवून, ओलं खोबरं पेरून, आपली कोंबाची भाजी. कोकणात ती पावसाळ्यात होते, इथे एप्रिलमध्ये.

काठीसाठी मात्र धीर धरावा लागतो. पहिल्या वर्षाची काठी हिरवीगार, सरळ आणि मोहात पाडणारी असते, पण वाळली की सुरकुतते आणि चिरते. तीन ते पाच वर्षांची काठी घ्या. कोणती किती वर्षांची हे पुढे आठवत नाही, म्हणून दर उन्हाळ्यात नव्या काठीवर छातीच्या उंचीला रंगाने वर्ष लिहून ठेवा. चीनमधले मोसो उत्पादकही शाईने असंच लिहितात. तोड हिवाळ्यात करा आणि दरवर्षी पाच वर्षांपुढच्या काठ्या काढून टाका. बनात छत्री उघडून चालता आलं पाहिजे, हे जपानी शेतकऱ्यांचं माप मला फार उपयोगी वाटतं. तेवढं मोकळं असलं की कोंब आणि चर दोन्ही नीट दिसतात.

पूर्ण वाढलेलं बन कसं दिसतं हे बघायचं असेल तर जॉर्जियातल्याच सव्हाना शहराजवळचा जुना बांबू फार्म बघून या. तिथे 1890 च्या सुमारास लावलेल्या जपानी इमारती बांबूचं बन आहे. फ्रान्समध्ये असाल तर आंदूझजवळचं, 1856 मध्ये सुरू झालेलं बांबूवन.

आता काठी तोडली, मांडवासाठी किंवा पडवीसाठी ठेवली आणि दोन महिन्यांत खाली पिवळी पूड पडायला लागली, तर तो भुंगेरा. तो आतल्या पिठासाठी येतो. बोरॅक्स तीन भाग आणि बोरिक अॅसिड दोन भाग, दोन्ही मिळून पाण्याच्या वजनाच्या पाच टक्के असं द्रावण करा. लांब सळईने आतले सगळे पडदे फोडून काठी आठवडा-दोन आठवडे त्यात बुडवून ठेवा. मग सावलीत, जमिनीला न टेकवता, उभी वाळवा. हे मीठ पावसात धुपून जातं, म्हणून अशी काठी छताखालीच वापरायची. उघड्यावर मातीत रोवायच्या खुंटांसाठी बांबू घेऊच नका, काही केलं तरी तो दोन-तीन वर्षांत बुडाशी कुजतो.